जुना डीएसएलआर, मिनी यूएसबी आणि लिनक्स: कॅमेरा कुठे अडत होता

"कार्ड काढ आणि रीडरमध्ये घाल ना, कशाला डोकं लावतोस" हा सल्ला, कॅमेरा वायरने लिनक्सला जोडायचाय म्हटलं की, सगळ्यात आधी येतो म्हणून तो आधीच बाजूला ठेवतो. नुसते फोटो उतरवायचे असते तर मी पण तेच केलं असतं, कार्ड रीडर लिनक्सवर सहसा त्रास देत नाही, ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये असतात आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.७ पासून त्याचा चांगला ड्रायव्हर कर्नलमध्येच आलाय, त्यामुळे तोही प्रश्न मिटलाय. पण मला टेदरिंग करायचं होतं, म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडवर, वायर कॉम्प्युटरला, आणि क्लिक कॉम्प्युटरने करायचं, टाइमलॅप्ससाठी (ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ). तिथे रीडर काय करणार.

तर कॅमेरा जुना डीएसएलआर, त्याला मिनी यूएसबीचं पोर्ट, हे पोर्ट आता बाकी कुठल्याच वस्तूला नसतं त्यामुळे ड्रॉवरमध्ये जी वायर सापडली ती लावली. कॅमेरा ऑन केला. काहीच नाही. फाइल मॅनेजरमध्ये काही आलं नाही, नोटिफिकेशन नाही, डिजिकॅम हा फोटोंचा प्रोग्रॅम उघडून बघितलं तर तिथेही कॅमेऱ्यांची यादी रिकामी.

आता इथे बरेच जण लगेच पॅकेजेस इन्स्टॉल करत सुटतात, ही लायब्ररी टाक, तो प्रोग्रॅम टाक. त्याने काही होत नाही. फाइल मॅनेजरला कॅमेऱ्याची खबर सगळ्यात शेवटी लागते, त्याच्या आधी वायर, मग कर्नल, मग डिव्हाइसची परवानगी, मग लिबजीफोटो ही कॅमेऱ्याशी बोलणारी लायब्ररी आणि मग कुठे वरचे प्रोग्रॅम. त्यामुळे खालून वर यायचं. मी टर्मिनल उघडून सुडो (रूट म्हणजे मुख्य युजरच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) लावून डीमेसेज ही कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड चालवली, तिला फॉलोचा ऑप्शन दिला की कर्नल जे काही बोलतो ते तिथल्या तिथे दिसत राहतं (सुडो लागतो कारण हल्ली बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांमध्ये, साध्या युजरला कर्नलचा लॉग वाचू देत नाहीत). एका बाजूला ही खिडकी उघडी ठेवून वायर काढली, परत लावली, कॅमेरा बंद केला, चालू केला. एक ओळही आली नाही.

ही शांतता खरं तर फार कामाची असते. परवानगीचा घोळ असो, ड्रायव्हर नसो, कॅमेरा लिनक्सच्या ओळखीचा नसो, तरी कर्नल निदान एवढं तरी म्हणतो की नवीन डिव्हाइस आलं. तेही म्हणत नाही म्हणजे पोर्टवर काही लागलंय हेच त्याला कळलेलं नाही, आणि हे बहुतेक वेळा वायर, पोर्ट किंवा कॅमेऱ्याचं सॉकेट यांच्यामुळे होतं. यूएसबी २ च्या वायरीत चार तारा असतात, दोन पॉवरच्या आणि दोन डेटाच्या, डी प्लस आणि डी मायनस. कुठल्या तरी छोट्या स्पीकरबरोबर किंवा टॉर्चबरोबर चार्जिंगसाठी म्हणून ज्या वायरी येतात त्यातल्या कित्येकांमध्ये डेटाच्या तारा नसतातच. बाहेरून बघून काही कळत नाही, कनेक्टर अगदी तसाच असतो. आणि फोनच्या बाबतीत निदान चार्जिंग सुरू झाल्याने वायर जिवंत आहे हे कळतं, माझा कॅमेरा यूएसबीवरून चार्जच होत नाही त्यामुळे तेवढीही खूण नाही.

तपासायची सोपी रीत म्हणजे त्याच वायरीने दुसरं काहीतरी डेटावालं जोडून बघायचं. माझ्याकडे मिनी यूएसबीवाली एक जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क आहे, ती या वायरीने लावली तर डिस्कचा दिवा लागला, फिरायचा आवाज आला, आणि डीमेसेजमध्ये परत शून्य. वायर बाद. डिस्कची स्वतःची वायर घेतली.

ती कॅमेऱ्याला लावली आणि डीमेसेजमध्ये पटापट ओळी यायला लागल्या पण बऱ्याचशा लाल. 'न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस', मग 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१', परत तेच, मग 'डिव्हाइस नॉट अ‍ॅक्सेप्टिंग अ‍ॅड्रेस', आणि शेवटी 'अनेबल टू एन्युमरेट यूएसबी डिव्हाइस'. त्यातला -७१ हा नंबर म्हणजे प्रोटोकॉल एरर. कर्नलने कॅमेऱ्याला विचारलं तू कोण, आणि उत्तर आलं ते तुटकं-फुटकं आलं. -११० दिसला तर तो टाइमआउट, म्हणजे उत्तरच आलं नाही. दोन्हीत बहुतेक वेळा दोष सिग्नलचा असतो, सॉफ्टवेअरचा क्वचित. आणि पहिल्या ओळीतला 'फुल-स्पीड' हा शब्द पण बघण्यासारखा आहे. यूएसबीच्या भाषेत फुल-स्पीड म्हणजे फक्त १२ एमबीपीएस आणि हाय-स्पीड म्हणजे ४८०, ही नावं कोणी ठेवली देव जाणे. हाय-स्पीडवाला कॅमेरा फुल-स्पीडवर अडकतोय म्हणजे वर चढायची बोलणीच नीट झाली नाहीत.

नेटवर या एररसाठी कर्नलला बूट होताना पॅरामीटर द्यायचा एक उपाय हमखास दिसतो, ओल्ड स्कीम फर्स्ट नावाचा. काही डिव्हाइसना तो लागतो हे खरंय. पण बूटलोडरला हात लावायच्या आधी पोर्ट बदलून बघायला काय जातंय. मी कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावत होतो कारण हात तिथे पोचतो. पुढची पोर्टं मदरबोर्डवर नसतातच, आतून एक वायर बोर्डाच्या हेडरपर्यंत गेलेली असते आणि ती कशा प्रतीची आहे ते कॅबिनेटवाल्यालाच ठाऊक. वाकून मागच्या पोर्टला लावलं, मधे हब नाही काही नाही, आणि लगेच 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ७', खाली कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, सगळं. कॅमेऱ्याच्या वरच्या छोट्या डिस्प्लेवर पण पीसी अशी अक्षरं आली. ही अक्षरं समोरून कोणीतरी बोललं तरच येतात, नुसत्या वीजेवर येत नाहीत, त्यामुळे पुढे मी टर्मिनलच्या आधी तिकडेच बघायला लागलो.

एलएस-यूएसबी ही जोडलेली यूएसबी डिव्हाइस दाखवणारी कमांड चालवली तर यादीत कॅमेरा हजर. तिथे प्रत्येक डिव्हाइसपुढे दोन आकडे कोलनने जोडून असतात, पहिला कंपनीचा कोड, दुसरा मॉडेलचा. कॅननचा ०४ए९, निकॉनचा ०४बी०, सोनीचा ०५४सी वगैरे. नाव नीट छापलं गेलं नाही तरी पहिल्या कोडवरून कॅमेरा ओळखता येतो.

यानंतर लोक ज्यात खूप वेळ घालवतात त्याबद्दल जरा लिहितो. कॅमेरा कर्नलला दिसला म्हणजे आता पेनड्राइव्हसारखी एसडीबी वगैरे नावाची डिस्क येईल अशी अपेक्षा असते, आणि ती येत नाही, मग माउंट कसं करू (म्हणजे फोल्डरसारखं कसं उघडू), ड्रायव्हर कुठला टाकू हे सुरू होतं. एलएस-यूएसबीला टी ऑप्शन दिला की झाडासारखी मांडणी दिसते, त्यात माझ्या कॅमेऱ्यापुढे होतं 'क्लास इमेजिंग, ड्रायव्हर नन, ४८०एम'. ड्रायव्हर नन बघून छातीत धस्स होतं पण ते बरोबरच आहे. जुन्या काळी बरेच कॅमेरे मास स्टोरेज म्हणून यायचे, क्लास ८, कर्नल त्यांना सरळ डिस्क समजायचा. आता बहुतेक पीटीपी वापरतात, पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल, आयएसओ १५७४०, क्लास ६. मायक्रोसॉफ्टचा एमटीपी, जो अँड्रॉइड फोन वापरतात, तो याच्यावरच बांधलेला. मास स्टोरेज म्हणजे गोदामाची किल्ली हातात दिली, आत जा आणि काय हवं ते उचल, आणि पीटीपी म्हणजे काउंटरवर चिठ्ठी द्यायची आणि आतून माल येईपर्यंत थांबायचं. कार्डचा ताबा कॅमेऱ्याकडेच राहतो, कॉम्प्युटरला फाइल सिस्टिम दिसतच नाही. आणि चिठ्ठ्या द्यायचं काम कर्नल करत नाही, ते लिबजीफोटो करते, लिबयूएसबी या यूएसबीच्या लायब्ररीमार्फत, त्यामुळे कर्नलचा ड्रायव्हर नसणं हीच नेहमीची अवस्था. कार्डात हजारो फोटो असले की यादी यायला जो वेळ लागतो तोही याच कारणाने, बरेच कॅमेरे एकेका फाइलची माहिती वेगवेगळी विचारायला लावतात.

काही कॅमेऱ्यांच्या मेनूत यूएसबी मोड निवडता येतो, मास स्टोरेज, पीटीपी, पीसी रिमोट असं काही. फक्त फोटो उतरवायचे असतील आणि मास स्टोरेज मिळत असेल तर ते घ्या आणि सुखी राहा, हे पुढचं काही वाचायची गरज नाही. टेदरिंगला मात्र पीटीपी किंवा पीसी रिमोटच लागतं. आणि एक, काही मॉडेलमध्ये वायफाय चालू असेल तर यूएसबी बंद पडतं, तेही मेनूत असतानाच बघून घ्या.

मग जीफोटो-टू हा कमांड लाइनचा प्रोग्रॅम टाकला आणि ऑटो-डिटेक्ट चालवलं. मॉडेलचं नाव आणि पोर्ट असं छान दोन रकान्यात आलं. म्हटलं झालं. लिस्ट-फाइल्स चालवलं तर 'कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस', एरर -५३.

हे विचित्र वाटतं, आत्ता तर दिसत होता. पण ऑटो-डिटेक्ट फक्त कंपनीचा आणि मॉडेलचा कोड बघून आपल्या यादीशी ताडून सांगतं, त्या यादीत अडीच हजारांवर कॅमेरे आहेत. कॅमेऱ्याशी बोलणं तिथे होतच नाही. बोलायचं तर आधी इंटरफेस स्वतःच्या नावावर घ्यावा लागतो, तो क्लेम, आणि एका वेळी एकालाच तो मिळतो. या एररचा मेसेज लांबलचक आहे आणि लोक पहिली ओळ वाचून सोडून देतात, पण पुढे त्यात स्पष्ट लिहिलंय की दुसरा कुठला प्रोग्रॅम किंवा कर्नल मॉड्यूल डिव्हाइस वापरत नाही ना ते बघा, आणि तुम्हाला वाचायची-लिहायची परवानगी आहे ना तेही बघा. म्हणजे एकच एरर आणि कारणं दोन, आणि दोघांची औषधं वेगळी.

परवानगी आधी बघितली कारण ते पटकन होतं. प्रत्येक यूएसबी डिव्हाइसची एक फाइल असते, डेव्ह फोल्डरमध्ये बस, त्यात यूएसबी, त्यात बसचा नंबर आणि त्यात डिव्हाइसचा नंबर, हे दोन्ही नंबर एलएस-यूएसबीच्या ओळीत सुरुवातीलाच असतात. त्या फाइलवर एलएस एल चालवलं की मालक रूट दिसतो, पण परवानग्यांच्या अक्षरांच्या शेवटी एक अधिकचं चिन्ह होतं. ते चिन्ह म्हणजे वेगळी एसीएल (कोणाला परवानगी आहे त्याची जादा यादी) लावलेली आहे, आणि ती दाखवणारी गेटएफएसीएल चालवल्यावर त्यात माझं युजरनेम सापडलं. लिबजीफोटोबरोबर यूडेव्हचे (डिव्हाइस लागल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या भागाचे) नियम येतात, ते डिव्हाइस कॅमेरा आहे अशी खूण करतात, आणि सिस्टिमडी (सिस्टिमच्या सर्व्हिसेस सांभाळणारा भाग) अशा डिव्हाइसची परवानगी स्क्रीनसमोर बसून लॉगिन केलेल्या युजरला देऊन टाकतं. यादीत नसलेला पण पीटीपी बोलणारा कॅमेराही या नियमात बसतो. स्क्रीनसमोर हा शब्द मात्र महत्त्वाचा, एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने, आत आलात तर ही परवानगी मिळत नाही, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर लांबून टाइमलॅप्स करणारे नेमके इथे अडकतात. तिथे डेबियनवाले प्लगडेव्ह ग्रुपचा स्वतंत्र यूडेव्ह नियम लिहितात आणि ते ठीक चालतं.

चीमॉड ६६६ मारा (म्हणजे फाइलची परवानगी सगळ्यांना देऊन टाका) हा सल्ला मात्र सोडून द्या. वायर काढून लावली किंवा कॅमेरा बंद-चालू केला की डिव्हाइसचा नंबर वाढतो, ७ चा ८ होतो, फाइल नवीन तयार होते आणि तुमचं चीमॉड जुन्या फाइलबरोबर गेलेलं असतं. सुडो लावून जीफोटो-टू चालवणंही तसंच, चाललं तरी उतरलेले सगळे फोटो रूटच्या मालकीचे होतात आणि मग चाओनने मालक बदलत बसा. माझ्या बाबतीत तर सुडो लावूनही -५३ च येत होता, त्यामुळे परवानगीचा विषय तिथेच संपला.

राहिला दुसरा प्रोग्रॅम. कोणी पकडलंय ते शोधायला फ्यूजर नावाची कमांड आहे, तिला व्ही ऑप्शन आणि डिव्हाइसची ती फाइल दिली की कुठल्या प्रोसेसने ती उघडून ठेवलीय ते सांगते. आली एकच ओळ: जीव्हीएफएसडी-जीफोटो-टू. परत एलएस-यूएसबी टी चालवलं तर मघाशी जिथे ड्रायव्हर नन होतं तिथे आता 'यूएसबीएफएस' होतं, म्हणजे कर्नलचा नाही पण कुठला तरी साधा प्रोग्रॅम इंटरफेसवर बसलाय. ही खूण मला फार आवडली, फ्यूजर न वापरताही कळतं की जागा अडलेली आहे.

हा जीव्हीएफएस म्हणजे नोम या डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर ज्याच्या भरवशावर चालतो तो भाग. मागच्या पोर्टला कॅमेरा नीट लागल्यावर थोड्या वेळाने त्याने तो आपणहून माउंट केला होता, म्हणजे ज्या फाइल मॅनेजरने आधी ढुंकून बघितलं नाही तोच आता सोडत नव्हता. मी टर्मिनलमध्ये गुंतलो होतो आणि तिकडे बाजूच्या पट्टीत कॅमेऱ्याचं चित्र येऊन बसलेलं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये पण असा प्रकार होतो, फक्त प्रोसेसचं नाव वेगळं. यावर सगळीकडे किलऑलने प्रोसेस मारायला सांगतात, पण मारलं तरी ते डीबसवरून (प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेवरून) परत उठतं, पुढच्या वेळी वायर लावली की हजर. सभ्य मार्ग म्हणजे जीआयओ माउंट या कमांडला एस ऑप्शन आणि जीफोटो-टू हे नाव द्यायचं, ती कॅमेऱ्याची सगळी माउंट सोडवते. कायमचा मार्ग म्हणजे सिस्टिमसीटीएलला युजर ऑप्शन देऊन जीव्हीएफएसची जीफोटो-टू व्हॉल्यूम मॉनिटर ही सर्व्हिस मास्क करायची, म्हणजे सुरूच होऊ द्यायची नाही. मी मास्क केली नाही. घरातल्या बाकीच्यांना कॅमेरा लावला की फोटो समोर दिसायला हवे असतात, त्यांना टर्मिनल शिकवण्यापेक्षा माझ्या टाइमलॅप्सच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला ती जीआयओची एक ओळ टाकणं सोपं. ऑटोमाउंट सेटिंगमधून बंद करा असंही सांगतात पण मग पेनड्राइव्हही आपोआप उघडत नाही.

ती ओळ चालवली, लिस्ट-फाइल्स परत चालवलं, आणि डीसीआयएम या फोटोंच्या फोल्डरच्या आतल्या सगळ्या फाइल धडाधड खाली सरकायला लागल्या. फोटो उतरवायचे असतील तर गेट-ऑल-फाइल्सला स्किप-एक्झिस्टिंग जोडा, मधे तुटलं तर परत पहिल्यापासून सुरू होत नाही.

मग खरं काम, कॅप्चर-इमेज-अँड-डाउनलोड आणि इंटरव्हल. पहिला क्लिक झाला तेव्हा बाजूच्या खोलीत होतो, शटरचा खट्ट आवाज ऐकून आलो तर फाइल कॉम्प्युटरवर आलेली. कार्डात मात्र काही नाही. हे कॅप्चर टार्गेट नावाच्या सेटिंगमुळे, जीफोटो-टू बऱ्याच कॅमेऱ्यांना फोटो त्यांच्या आतल्या रॅममध्ये ठेवायला सांगतो आणि तिथून ओढतो. कार्डातही हवा असेल तर सेट-कॉन्फिगने कॅप्चर टार्गेट मेमरी कार्ड करायचं आणि कमांडला कीप जोडायचं, नाहीतर उतरवून झाल्यावर कार्डातला फोटो पुसला जातो. महत्त्वाचं शूट असेल तर हे आधी करून घ्या.

एवढं होऊन छोट्या इंटरव्हलला सगळं मस्त चालायचं आणि दोन फोटोंमधलं अंतर वाढवलं की मधेच बंद पडायचं, इनपुट-आउटपुट एरर. यावर नेटवर एकच उत्तर, यूएसबी ऑटोसस्पेंड (रिकामं डिव्हाइस आपोआप झोपवणं) बंद करा. लॅपटॉपवर टीएलपीसारखं बॅटरी वाचवणारं काही असेल तर ऑटोसस्पेंडचा त्रास खरंच होतो, पण इथे ते पटत नव्हतं, कारण एखादा प्रोग्रॅम डिव्हाइसची फाइल उघडून बसलाय तोपर्यंत कर्नल ते डिव्हाइस झोपवत नाही आणि जीफोटो-टू तर सगळा वेळ उघडून बसलेला. डीमेसेज बघितलं तर एकच ओळ, 'यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर १२'. आधी -७१ नाही, रीसेट नाही, कुरबूर नाही. सिग्नल बिघडून तुटतं तेव्हा आधी आरडाओरडा होतो. नुसतं डिस्कनेक्ट म्हणजे समोरचा स्वतःहून उठून गेला. कॅमेऱ्याच्या मेनूतलं ऑटो पॉवर ऑफ. ते ऑफ केलं, आणि त्यानंतर संध्याकाळच्या ढगांचं पूर्ण टाइमलॅप्स एका दमात झालं.

बॅटरी अर्थातच लवकर संपते आता, त्यामुळे लांबच्या शूटला बॅटरीच्या जागी बसणारा डमी अडॅप्टर लागतो. आणि पुढच्या पोर्टवर चिकटपट्टी लावून टाकलीय, तिथे फक्त कीबोर्ड.